बांबूचे वळण आणि वळणाची दुरुस्ती

(व्याख्यानाचा मजकूर)



चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे महाराष्ट्राचे वनभांडार होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा करण्यात आला. तथापि, शासकीय सीमा वेगळी झाली तरी वन एकच राहिले. आलापल्लीचा साग देशभर ख्यातनाम आहे. सागाच्या सोबतीने येथील डोंगरउतारांवर जी संपत्ती उभी आहे, ती बांबूची. या बांबूपैकी मोठा भाग वर्षानुवर्षे कागदाच्या लगद्यासाठी बल्लारपूरच्या गिरणीकडे गेला. उरलेल्यातून सूप, टोपली, डालगे, कणगी आणि तट्टा एवढ्याच वस्तू गावात तयार होत राहिल्या. काठी जशी तुटते तशीच विकली, तर तिचे मोल तोडणीच्या मजुरीपेक्षा फारसे वर जात नाही. तीच काठी चिरून, तासून, वळवून तिची खुर्ची, दिव्याची कमान किंवा पाळणा झाला, तर तिचे मोल कित्येक पटींनी वाढते, आणि ही वाढ कारागिराच्या हाताची असते.

मात्र या वाढीव मोलाच्या आड एक अडचण उभी असते. वळविलेली वस्तू आपले वळण टिकवीत नाही. उन्हाळ्यात केलेली कमान पावसाळ्यात उघडते, खुर्चीचा एक हात दुसऱ्याशी जुळत नाही, गोल चौकट अंडाकृती होते. ग्राहक वस्तू परत करतो, मागणी देणारा व्यापारी दुसऱ्या वेळी येत नाही, आणि कारागीर पुन्हा टोपलीकडे वळतो. प्रशिक्षणवर्गांत वळण कसे द्यावे हे शिकविले जाते. परंतु बिघडलेले वळण पुन्हा कसे आणावे, हा विषय बहुधा मागे राहतो. आजच्या व्याख्यानाचा विषय नेमका तोच आहे.

गिटारच्या पट्टीचा धडा

वळणाची सर्वांत काटेकोर कसोटी पाहावयाची असेल, तर एका दूरच्या धंद्याकडे दृष्टी टाकणे उपयुक्त ठरेल. तो धंदा म्हणजे लाकडी गिटार तयार करण्याचा.

आपल्याकडील तंतुवाद्यांची घडण निराळ्या मार्गाने झाली आहे. मिरजेचे कारागीर सतार व तंबोरा यांसाठी भोपळ्याचा उपयोग करतात. या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. सारंगी तर एकाच अखंड लाकडातून कोरून काढतात. म्हणजे आपल्या वाद्यांत पोकळी निसर्गाकडून घेतली जाते, अथवा कोरली जाते. गिटारची पोकळी मात्र जोडून तयार होते. पुढची फळी, मागची फळी आणि या दोहोंना सांधणाऱ्या बाजूच्या दोन लांब पट्ट्या, असा तिचा सांगाडा असतो. बाजूची पट्टी सुमारे २ मिलिमीटर जाड असते. तिला खांद्याशी बाहेर, कंबरेशी आत आणि खालच्या घेराशी पुन्हा बाहेर असे उलटसुलट वळण द्यावे लागते.

या पट्ट्यांच्या लाकडाशी भारतीय वनांचा जवळचा संबंध आहे. ब्राझीलमधील शिसवी दुर्मीळ होऊ लागली, तेव्हा १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील मार्टिन या प्रसिद्ध कारखान्याने भारतीय शिसवीचा अवलंब केला. १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. २०१७ च्या आरंभी शिसवीच्या संपूर्ण कुळाच्या व्यापारावर परवान्याचे बंधन आले, आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट देण्यात आली. या इतिहासातून आपणांस घेण्यासारखा अर्थ असा की, कच्च्या लाकडाच्या व्यापारावर बंधने येत राहतात. घडविलेल्या वस्तूची वाट मात्र तुलनेने मोकळी राहते.

गिटारची पट्टी वळविण्यासाठी आतून तापविलेली धातूची नळी वापरतात. पट्टी किंचित ओली करून नळीवर ठेवतात, हलक्या हाताने दाबतात आणि लाकूड सैल पडल्याची जाणीव झाली की वळवितात. कारागीर बहुधा कंबरेचे वळण प्रथम देतो, कारण तेच सर्वांत तीव्र असते आणि त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. नंतर पट्टी साच्यात घालून, चिमट्यांनी आवळून, ती पूर्ण वाळेपर्यंत ठेवतात.

एवढे करूनही साच्यातून काढलेली पट्टी आराखड्याशी क्वचितच तंतोतंत जुळते. कंबर थोडी उघडलेली असते, टोक बाहेर गेलेले असते, नाही तर पट्टीला पीळ पडलेला असतो. नवशिका अशा वेळी पट्टी जोराने दाबून बसवितो व सरसाने चिकटवून टाकतो. अनुभवी कारागीर तसे करीत नाही. दाबून बसविलेली पट्टी आयुष्यभर सांध्याला ओढ देत राहते आणि हवा बदलली की सांधा सुटतो. म्हणून तो पट्टी पुन्हा नळीकडे नेतो आणि तिला पुन्हा वळण लावतो. जी वस्तू बळ न लावता आपल्या जागी बसते तीच टिकते, हा त्या धंद्याचा पहिला नियम आहे. तो बांबूच्या खुर्चीलाही तितकाच लागू पडतो.

लाकूड का वाकते आणि का उघडते

दुरुस्ती समजण्यासाठी लाकडाची प्रकृती समजणे अवश्य आहे. लाकडात आणि बांबूत लांबच लांब, चिवट तंतू असतात. हे तंतू एका चिकट द्रव्याने परस्परांशी सांधलेले असतात. या द्रव्याला शास्त्रात लिग्निन म्हणतात. त्याचे वर्तन लाखेसारखे असते. लाखेची बांगडी करणारा कारागीर लाख निखाऱ्यावर मऊ करतो, तिला आकार देतो आणि ती निवली की आकार पक्का होतो. लाकडातील सांधणारे द्रव्यही तसेच उष्णतेने मऊ पडते व थंड झाल्यावर कठीण होते. लाकडात ओल असेल तर ते उकळत्या पाण्याच्या तापमानाच्या आसपासच सैल होते. लाकूड कोरडे असेल तर त्यासाठी याहून पुष्कळ अधिक तापमान लागते.

मऊ पडलेले लाकूड वाकविताना त्याच्या दोन बाजूंवर भिन्न परिणाम होतो. आतली बाजू आखडते, बाहेरची बाजू ताणली जाते. वाफविलेले चांगले लाकूड लांबीच्या दिशेने सुमारे एक चतुर्थांशापर्यंत आखडू शकते. परंतु ताण मात्र ते शेकडा एक-दोन एवढाच सहन करते. त्यामुळे लाकूड तुटते ते जवळजवळ नेहमी बाहेरच्या बाजूने. एकोणिसाव्या शतकात मायकेल थोनेट या कारागिराने बाहेरच्या बाजूला धातूची पट्टी घट्ट बांधून हा ताण रोखण्याची युक्ती वापरली. १८५९ मध्ये बाजारात आलेली त्याची वळविलेल्या लाकडाची खुर्ची जगभर कोट्यवधींच्या संख्येने विकली गेली. सुट्या भागांत पाठविता येणारी, मोजक्या स्क्रूंनी जोडता येणारी ही खुर्ची म्हणजे वळणाच्या विद्येने उभा केलेला एक मोठा उद्योगच होय.

आता मुख्य मुद्दा. वळण दिल्यावर लाकडातील सारा ताण नाहीसा होत नाही. काही भाग कायमचा बदलतो. काही भाग केवळ थंड झालेल्या द्रव्यात अडकून राहतो. हा अडकलेला ताण संधी मिळताच मोकळा होतो, आणि ही संधी त्याला ओल व ऊब एकत्र आल्याने मिळते. म्हणजेच ज्या दोन साधनांनी लाकूड वाकते, त्याच दोन साधनांनी ते उघडते. वाकलेल्या पट्टीला भरपूर पाणी लावून नुसते ठेवून दिले, तर ती सरळ होण्याकडे झुकते. बिघडलेले वळण सुधारताना पट्टी पुन्हा भिजत घालणे ही सर्वसाधारण चूक यामुळेच घातक ठरते. कारण दुरुस्ती एका जागी व्हावयाची असते आणि उघडते मात्र सर्व पट्टी. पहिल्या वळणाला पाणी व उष्णता दोन्ही हवीत. दुरुस्तीला उष्णता हवी, पाणी मात्र ओल्या फडक्याने पुसण्याइतकेच.

बांबूची निराळी प्रकृती

बांबू हे झाड नव्हे, ते गवताच्या कुळातील आहे. त्याची काठी वर्षानुवर्षे जाड होत जात नाही. ती जेवढ्या जाडीची उगवते तेवढ्याच जाडीची राहते आणि पुढील दोन-तीन वर्षांत आतून पक्व होते. आपल्या वनांतील मानवेल जाड भिंतीचा, काही वेळा जवळजवळ भरीव असतो. काटस बांबू उंच, मोठ्या घेराचा आणि काटेरी असतो. मानवेलाची कामटी चिवट निघते, म्हणून लाठी, काठी व कमान यांसाठी तो पसंत केला जातो.

बांबूच्या भिंतीत तंतूंची वाटणी सारखी नसते. पाठीकडे, म्हणजे सालीच्या बाजूला, तंतू दाट असतात. पोटाकडे ते विरळ होऊन मऊ गर अधिक असतो. कामटी वळविताना साल बाहेर ठेवली, तर दाट तंतू ताण पेलतात आणि आतला मऊ गर सहज आखडतो. साल आत ठेवली, तर मऊ बाजूवर ताण येतो आणि कामटी लवकर तुटते. टोपलीच्या काठाला साल बाहेर ठेवून कामटी वळविण्याची बुरुडांची जी रीत आहे, तिच्यामागे हेच शास्त्र आहे. ही विद्या पुस्तकातून आलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांतून ती आलेली आहे.

बांबूची दुसरी खोड म्हणजे गाठ. गाठीपाशी तंतू सरळ न जाता आडवेतिडवे होतात. त्यामुळे तीव्र वळण गाठीवर आणू नये. ते दोन गाठींमधील कांड्यात यावे, अशी मापे आधीच घ्यावीत. अखंड पोकळ काठी वाकवावयाची असल्यास तिच्या पोकळीत कोरडी वाळू भरतात. त्यामुळे भिंत आत दबत नाही. ओली काठी विस्तवावर धरली की तिच्या सालीवर तेलकट रस येतो. तो फडक्याने पुसून घेतला की काठीला तकाकी येते आणि ती उष्णतेने वळणही घेते.

वळणाच्या दुरुस्तीचे सर्वांत जुने उदाहरण याच बांबूत सापडते, ते म्हणजे लाठी सरळ करणे. वनातून आलेली काठी क्वचितच सरळ असते. लाठी करणारा तिची वाकडी जागा शेकतो, खाचेत अडकवून उलट दिशेने दाबतो, थोडी पलीकडे नेतो आणि निवेपर्यंत धरून ठेवतो. उष्णता कोठे द्यावी, किती पलीकडे न्यावे आणि किती वेळ धरावे, या तीन गोष्टींत सारे कौशल्य सामावलेले आहे. गिटारचा कारागीर आपल्या तापलेल्या नळीवर याहून निराळे काही करीत नाही.

काठीची निवड आणि ऋतूचे भान

वळण टिकण्याची सुरुवात वनातच होते. एका वर्षाची कोवळी काठी सहज वाकते, परंतु वाळताना आक्रसते, सुरकुतते आणि तिला घुणही लवकर लागते. तीन वर्षांहून अधिक वयाची पक्व काठी वापरावी. तोड पावसाळा संपल्यानंतर करावी. नव्या कोंबांच्या वाढीच्या काळात तोड केल्यास बेटाचीही हानी होते. घुण लागते ते काठीतील पिष्टासाठी. तोडलेल्या काठ्या काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास हे पिष्ट पुष्कळसे निघून जाते. बोरिक ॲसिड व टाकणखार यांच्या द्रावणाचा उपयोगही केला जातो. मात्र प्रक्रिया वळण देण्यापूर्वी करावी. वळविलेली वस्तू द्रावणात बुडविल्यास वर सांगितल्याप्रमाणे ती उघडण्याचा संभव असतो.

या दोन जिल्ह्यांची हवा टोकाची आहे. मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते व हवा अत्यंत कोरडी असते. जून-जुलैत तीच हवा ओलीने जड होते. बांबू व लाकूड हवेतील ओल घेतात आणि सोडतात. मे महिन्यात हाडासारखी कोरडी झालेली कमान जुलैत ओल शोषते, फुगते आणि अडकलेला ताण मोकळा होऊ लागतो. यावर तीन उपाय आहेत. पहिला, वळविलेली वस्तू साच्यातून घाईने काढू नये. ती हाताला थंड लागली म्हणजे वाळली असे नव्हे. ओल आतून निघण्यास दिवस लागतात. दुसरा, साच्याचे वळण वस्तूच्या वळणापेक्षा थोडे अधिक तीव्र ठेवावे, म्हणजे सुटल्यावर वस्तू हव्या त्या मापावर येते. तिसरा, वस्तू पूर्ण वाळल्यावर तिच्या सर्व बाजूंना, विशेषतः कापलेल्या टोकांना, रोगण द्यावे. टोकांतून ओल सर्वांत वेगाने आत शिरते आणि नेमके तेच भाग बहुधा तसेच सोडले जातात.

बिघाड आणि त्यावरील उपाय

वळणातील बिघाड चार प्रकारचे असतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिला बिघाड म्हणजे वळण उघडणे. दुरुस्तीपूर्वी वस्तू आराखड्यावर ठेवून चूक कोठे आहे हे निश्चित करावे. चूक दिसते टोकाशी, परंतु ती असते मध्ये. ३० सेंटिमीटर लांबीच्या पट्टीत मुळाशी एका अंशाचा फरक पडला, तर टोकाशी सुमारे ५ मिलिमीटरचा फरक दिसतो. टोक पाहून टोकच वाकविणारा कारागीर एका चुकीत दुसरी भर घालतो. आराखड्याशी पट्टी प्रथम जेथे जुळेनाशी होते, ती जागा शोधून तेथे खूण करावी आणि उष्णता तेवढ्याच जागी द्यावी. त्या जागेवर ओले फडके फिरवून ती तापलेल्या नळीवर धरावी, सैल पडताच मापाच्या किंचित पलीकडे न्यावी आणि निवेपर्यंत हातात स्थिर धरावी. मग पुन्हा आराखड्यावर ठेवून पाहावे. एका दमात सारी चूक काढण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडी थोडी काढणे केव्हाही श्रेयस्कर.

दुसरा बिघाड म्हणजे वळण अधिक होणे. हा सर्वांत सोपा; कारण लाकडाचा स्वाभाविक कल उघडण्याकडेच असतो. ती जागा किंचित शेकली की वळण आपोआप सैल पडते. येथे हाताचा दाब जवळजवळ लागतच नाही. म्हणून अनुभवी कारागीर मुद्दाम थोडे अधिक वळण देतो व नंतर ते सोडवीत मापावर आणतो.

तिसरा बिघाड पीळ. वळविलेली पट्टी सपाट फळीवर कडेने उभी केली असता तिची सर्व कड फळीला टेकली पाहिजे. एखादा भाग उचललेला दिसला तर पीळ पडलेला आहे असे समजावे. तिरप्या तंतूंमुळे, अथवा पट्टी नळीवर तिरकी धरल्यामुळे हे घडते. पीळ पडलेली जागा शेकून दोन्ही हातांनी उलट दिशेने पिळावी व सपाट फळीवर दाबून निववावी. पीळ राहू देऊन जोडलेली खुर्ची चार पायांवर कधीही स्थिर बसत नाही.

चौथा बिघाड तडा. बाहेरच्या बाजूचा तंतू थोडासा उचलला असेल, तर सरस भरून, दाबून, पूर्ण वाळवून घ्यावा आणि पुढचे काम बाहेरून पातळ धातूची पट्टी धरून करावे. तडा आडवा गेला असेल, तर मात्र ती पट्टी बाजूला ठेवावी. भार घेणाऱ्या वस्तूत, विशेषतः खुर्चीत किंवा पाळण्यात, तडा गेलेला भाग लपविणे हा व्यापार नव्हे. त्यात कोणाच्या तरी मुलाची सुरक्षितता पणाला लागते.

येथे एक मर्यादाही ध्यानी ठेवावी. काळी पडलेली, करपलेली जागा पुन्हा वळत नाही. तेथील द्रव्य जळून गेलेले असते व तंतू ठिसूळ झालेले असतात. भट्टीत अतितापमानावर वाळविलेले लाकूडही सावलीत सावकाश वाळविलेल्या लाकडाइतके चांगले वळत नाही. उष्णता ही मदतनीस आहे. मर्यादा ओलांडली की तीच वस्तूचा नाश करते.

साधने साधीच हवीत

या कामासाठी मोठ्या यंत्रांची गरज नाही. लोखंडी नळीचा एक जाड तुकडा पक्क्या आधारावर आडवा बसवून आतून तापविला, की वळण देण्याचे साधन तयार होते. नळीवर पाण्याचे थेंब टाकावेत. ते नाचत उडून गेले म्हणजे नळी तापली असे समजावे. ओले फडके टेकविताच करपू लागले तर ती अधिक तापली. जाड लाकडासाठी वाफेची लांबट पेटी करता येते. तिचा सर्वसाधारण हिशेब असा की, दर २५ मिलिमीटर जाडीला सुमारे एक तास वाफ द्यावी. पेटी कधीही घट्ट बंद करू नये. वाफ बाहेर जाण्यास वाट ठेवावी, अन्यथा स्फोट होऊ शकतो. भांड्यातील पाणी आटू देऊ नये. साचा जाड फळीचे तुकडे कापून व खुंट्या ठोकून गावातील सुतारही करू शकतो.

विस्तव आणि बांबू एकत्र येतात तेथे सावधगिरी अनिवार्य आहे. चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीला फेब्रुवारी २०२१ मध्ये लागलेली मोठी आग सर्वांच्या स्मरणात आहे. गावातील कार्यशाळेत वळणाची जागा कच्च्या मालाच्या साठ्यापासून दूर असावी, वाळू व पाणी हाताशी असावे, आणि काम संपल्यावर निखारे विझल्याची खात्री करूनच दार लावावे.

ग्रामसभा, शाळा आणि शासन

बांबूबाबतची कायदेशीर स्थिती गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती सुपूर्द करण्यात आले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावनेही २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळवून बांबूचे व्यवस्थापन ग्रामसभेकडे घेतले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू 'वृक्ष' गणला जात असे. २०१७ च्या दुरुस्तीने तो त्या व्याख्येतून वगळण्यात आला आणि वनेतर जमिनीवर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याची वाट सुकर झाली. चिचपल्लीचे केंद्र २०१४ मध्ये शासनाने मंजूर केले व तेथे स्थानिक कारागिरांना आणि तरुणांना प्रशिक्षण दिले जाते.

हक्क मिळाला ही पहिली पायरी होय. ग्रामसभेने लिलावात काठी विकली, तर गावाला उत्पन्न मिळते. परंतु त्या काठीतील कामाचा वाटा गावाबाहेरच जातो. म्हणून तोडणीच्या आराखड्यातच काही निवडक, पक्व काठ्या गावातील कारागिरांसाठी राखून ठेवण्याचा विचार ग्रामपंचायत सदस्यांनी करावा. प्रशिक्षणाच्या कार्यक्रमात केवळ वस्तू तयार करणे न ठेवता, ती एक पावसाळा ठेवून तपासणे आणि दुरुस्त करणे हा भागही अधिकाऱ्यांनी आवर्जून समाविष्ट करावा. पंधरा दिवसांच्या वर्गाअखेर भरणाऱ्या प्रदर्शनात प्रत्येक कमान सुरेखच दिसते. तिची खरी परीक्षा ऑगस्ट महिन्यात होते, आणि तेव्हा प्रशिक्षणार्थी घरी एकटा असतो. त्या वेळी त्याला पुन्हा बोलावणारा दुसरा छोटा वर्ग पहिल्या वर्गाइतकाच मोलाचा ठरेल.

शिक्षकांनाही येथे मोठा वाव आहे. एक सोपा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. एकाच बांबूच्या, सारख्या जाडीच्या तीन कामट्या घ्याव्यात. एक तशीच थंड वाकवून बांधावी. दुसरी ओली करून व शेकून साच्यात बांधावी. तिसरी दुसरीप्रमाणेच वळवून, वाळल्यावर तिला रोगण द्यावे. आठवड्याने तिन्ही सोडाव्यात आणि प्रत्येकीच्या दोन टोकांमधील अंतर मोजून वहीत लिहावे. हेच माप उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला घ्यावे. वर्षाअखेरीस त्या वहीत विज्ञान, गणित आणि आपल्या गावची हवा या तिन्हींचा धडा तयार झालेला असेल. ज्या मुलांच्या घरी बुरुडकाम चालते, त्यांचे आईवडील या प्रयोगाच्या दिवशी शाळेत गुरू म्हणून यावेत. ज्या कौशल्याला समाजाने फार काळ खालचे स्थान दिले, त्याचा मान वर्गात वाढविण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

मित्रहो, कच्चा बांबू तोलून विकला जातो. वळविलेला बांबू पारखून घेतला जातो. पारख करणारा ग्राहक वस्तू एका पावसाळ्यानंतरही पाहतो आणि मगच दुसरी मागवितो. चूक कोठे आहे ते शोधणे, तेवढ्याच जागी उष्णता देणे, मापाच्या थोडे पलीकडे नेणे आणि निवेपर्यंत धीराने धरणे, एवढ्या चार गोष्टी गावोगावच्या कारागिरांच्या हातांत उतरल्या, तर परत येणाऱ्या वस्तूंची संख्या घटेल. वनावरील हक्क ग्रामसभांनी प्रयत्नांनी मिळविला आहे. त्या वनातील काठीला गावातच आकार मिळावा आणि तो टिकावा, यासाठी पंचायत, शाळा व शासन यांनी येत्या पावसाळ्यापूर्वीच कामास लागावे, हीच या व्याख्यानामागील अपेक्षा आहे.